बाळाच्या झडपेचा रिपोर्ट आणि बाबांची तपासणी

पत्र (थोडं आटोपशीर करून):

डॉक्टरताई, मला 'तू'च म्हणा, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, सांगोल्याला झालं. मुलगा आहे, अडीच महिन्यांचा. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना छातीत आवाज ऐकू आला. कानांची ठेवण आणि मानेवरची जादा कातडी बघून त्यांना डाऊन सिंड्रोमची शंका आली. गुणसूत्रांचा रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा घरी पेढे आणले. मग टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, त्यात 'डिस्प्लास्टिक पल्मनरी व्हॉल्व्ह, पीक ग्रेडियंट ४८' असं आलं. पुण्याच्या डॉक्टरांनी जनुकांची तपासणी करायला लावली. त्यात पीटीपीएन११ मध्ये बदल निघाला, खाली 'नूनन सिंड्रोम' लिहिलंय.

माझं लग्न आत्याच्या मुलाशी झालंय. आता आत्या म्हणतात नात्यात करायला नको होतं. माझी आजी म्हणते सातव्या महिन्यात ग्रहणात मी भाजी चिरली. वडील तर बोलायचेच बंद झालेत. शेजारच्या काकूंच्या नातवाच्या हृदयाचं छिद्र आपोआप बुजलं, तसं याचंही बुजेल म्हणतात. एक नातेवाईक म्हणतात, या आजारात बलून टिकत नाही, सरळ मुंबईला नेऊन ऑपरेशन करून टाका. बाळ दूध प्यायला पाऊण तास लावतो, मध्येच झोपतो. आई म्हणते तुझं दूधच कमी आहे.

पुण्याच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांचीही रक्ततपासणी सांगितली आहे. हे म्हणतात, 'मी ठणठणीत आहे, मला कसली टेस्ट?' त्यांची उंची पाच फूट एक इंच आहे, पण आत्यांकडे सगळेच बुटके. कधी आजारी पडत नाहीत. फक्त दाढ काढली तेव्हा दोन दिवस रक्त थांबत नव्हतं. शाळेत असताना छातीत आवाज आहे म्हणाले होते, पुढे कुणी बघितलं नाही. त्यांना जबरदस्ती करू का? आणि बारसं अजून झालेलं नाही, करू की ऑपरेशन होईपर्यंत थांबू?

– एक आई, सांगोला

उत्तर:

अगं, तुझ्या घरातले सगळे एकाच वेळी बोलतायत आणि प्रत्येकाला बाळाची काळजी आहे, हे पत्रातून दिसतंय. आपण रिपोर्टपासून सुरुवात करू, माणसांकडे नंतर येऊ.

हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुफ्फुसाकडे रक्त जातं, त्या वाटेवर पल्मनरी झडप असते. तिला तीन पातळ पाकळ्या असतात. हृदय आकुंचन पावलं की त्या पूर्ण बाजूला होतात आणि लगेच मिटतात. तुझ्या बाळाच्या पाकळ्या जाड, गाठाळ आहेत, त्या पुरत्या बाजूला होत नाहीत. त्यामुळे रक्ताला अरुंद फटीतून जोरानं जावं लागतं. छातीत जो आवाज ऐकू आला तो या जोराचा. इको करणारे त्या रक्ताचा वेग मोजतात आणि वेगावरून झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक काढतात, तोच हा ४८. रिपोर्टमध्ये आकड्याच्या आसपास सेकंदाला साडेतीन मीटरच्या जवळपासचा वेगही छापलेला असेल, बघ. ढोबळ मानानं ३६ च्या खाली सौम्य, ३६ ते ६४ मध्यम, त्यावर तीव्र. म्हणजे तुझं बाळ मध्यम गटात आहे. काळजीपूर्वक लक्ष ठेवायचं, रात्रीतून मुंबई गाठायची नाही.

शेजारच्या काकूंचं छिद्र मात्र मनातून काढून टाक. आपल्याकडे बाळाच्या हृदयाचं काहीही निघालं की 'छिद्र आहे' असंच म्हणतात. दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं लहान छिद्र पुष्कळदा खरोखरच आपोआप बुजतं. जाड झालेली झडप त्याच अर्थानं 'बुजणार' नाही. सौम्य अरुंदपणा वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो, काही मुलांना आयुष्यभर त्याचा त्रासही होत नाही. पण पहिल्या काही महिन्यांत मध्यमचं तीव्र होऊ शकतं. म्हणून या वयात इको लवकर लवकर लागतो. तुझ्या डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख 'बाळ छान खेळतंय' म्हणून पुढे ढकलू नकोस. झडप अरुंद असलेलं बाळ बऱ्याचदा छान खेळतच असतं.

आकड्याबद्दल आणखी एक. इकोच्या वेळी बाळ रडत असेल तर आकडा वाढून येतो. झोपलेलं किंवा शांत असताना केलेला इको खरा, तेव्हा दूध पाजायची वेळ साधूनच जा. आणि आकडा खाली आला म्हणून लगेच खूश होऊ नकोस. उजवा कप्पा दमला, त्याचा जोर कमी पडायला लागला, तरी आकडा उतरतो. म्हणून दर वेळी डॉक्टरांना दोन्ही विचार: ग्रेडियंट किती, आणि उजवा कप्पा कसं काम करतोय. वहीत तारीख घालून दोन्ही लिहून ठेव. तीनचार वेळा नोंद झाली की कुठल्याही नव्या डॉक्टरांना एका नजरेत चित्र कळतं.

आता बलून की ऑपरेशन. तुझ्या नातेवाइकांचं अर्धं बरोबर आहे. इतर मुलांमध्ये पल्मनरी झडप अरुंद असते ती बहुतेक वेळा पाकळ्या कडांना एकमेकींना चिकटल्यामुळे. मांडीच्या शिरेतून बारीक नळी नेऊन झडपेत फुगा फुगवला की त्या कडा सुटतात. १९८२ पासून हे जगभर चालू आहे, छाती उघडावी लागत नाही, आत काही ठेवावं लागत नाही, दोनेक दिवसांत मूल घरी येतं. नूनन असलेल्या बाळांत पुष्कळदा कडा चिकटलेल्या नसून पाकळीच जाड असते, कधी झडपेची कडीही लहान असते. शिवण उसवता येते, गोधडीच जाड असेल तर उसवून किती फरक पडणार? फुगा काढला की जाड पाकळ्या पुन्हा जागेवर येतात. म्हणून या मुलांत बलूनचा उपयोग कमी होतो आणि बऱ्याच जणांना पुढे ऑपरेशन लागतं.

पण 'बऱ्याच' म्हणजे सगळ्यांना नाही. कुणाला बलून पुरतो. कुणाला पूर्ण पुरत नाही, पण दाब इतका उतरतो की मूल वाढायला वेळ मिळतो, आणि मोठ्या मुलाचं ऑपरेशन लहान बाळापेक्षा सोपं जातं. म्हणून पुष्कळ डॉक्टर आधी बलून करून बघतात. ऑपरेशनमध्ये हार्ट-लंग मशीनवर ठेवून जाड पाकळ्या कापतात, गरज असेल तर वाट रुंद करायला तुकडा शिवतात. त्यानंतर झडप थोडी गळते. ती गळती वर्षानुवर्षं बघत राहावी लागते आणि मोठेपणी नवी झडप बसवायची वेळ येऊ शकते. म्हणून घाईनं 'एकदाच काय ते उरकून टाकू' असा विचार इथे चालत नाही. आत्ता ४८ वर तुझ्या डॉक्टरांनी थांबायला सांगितलं असेल तर ते दुर्लक्ष नाही. पुढच्या भेटीत सरळ विचार: 'आकडा किती झाला की तुम्ही बलून करणार? आमच्या झडपेची कडी लहान आहे का?' चांगले डॉक्टर या प्रश्नांवर वैतागत नाहीत.

इकोमध्ये झडपेबरोबर आणखी एक गोष्ट बघायला सांग. नूननमध्ये साधारण पाचातल्या एका मुलात हृदयाचा स्नायूच जाड होतो, आणि काहींत ते पहिल्या वर्षातच दिसायला लागतं. पीटीपीएन११ मध्ये बदल असलेल्या मुलांत झडपेचा त्रास जास्त दिसतो, स्नायूचा त्यामानानं कमी. पण 'कमी' म्हणजे नाहीच असं नाही, म्हणून दर इकोला डाव्या कप्प्याच्या भिंतीची जाडी लिहून घे.

गुणसूत्रांचा रिपोर्ट नॉर्मल होता तर हे कुठून आलं, असं तुला वाटलं असणार. त्या तपासणीत ४६ गुणसूत्रं पूर्ण आहेत का, एखादं जास्त आहे का, मोठा तुकडा तुटलाय का, एवढंच दिसतं. एका जनुकातलं एखादं अक्षर बदललं तर तिथं सगळं नॉर्मलच दिसणार. त्यासाठी जनुकाचं वाचनच करावं लागतं, तेच पुण्याला केलं. पेढे वाया गेले नाहीत. डाऊन नाही हे खरंच आहे.

या आजाराची गोष्टही झडपेपासूनच सुरू होते. जॅकलिन नूनन या अमेरिकेतल्या लहान मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञ. पल्मनरी झडप अरुंद असलेली मुलं तपासताना त्यांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या घरांतली ही मुलं एकमेकांच्या भावंडांसारखी दिसतात: डोळ्यांत अंतर, कान खाली, मान आखूड, उंची कमी. १९६३ मध्ये त्यांनी अशा ९ मुलांबद्दल लिहिलं. तोवर अशा मुलग्यांना 'मुलांचा टर्नर' म्हणून मोकळं व्हायचे. टर्नर फक्त मुलींत होतो, त्यात एक्स गुणसूत्र कमी असतं आणि त्रास बहुतेक हृदयाच्या डाव्या बाजूला असतो. नूनन मुलामुलींत सारखाच होतो. पीटीपीएन११ जनुकाचा संबंध सापडला २००१ मध्ये, आणि नूनन असलेल्या साधारण निम्म्या लोकांत बदल याच जनुकात निघतो. हजार ते अडीच हजार जन्मांत एक मूल, म्हणजे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. आपल्याकडे पुष्कळांना नाव मिळत नाही, एवढंच.

आता दोषाकडे. हृदयाचा साचा दिवस राहिल्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत तयार होतो. जनुकातला बदल तर त्याच्याही आधी, गर्भ राहिला त्या क्षणापासून असतो. सातव्या महिन्यात ग्रहण लागलं तेव्हा ही झडप कधीच बनून झाली होती. आजीला एवढंच सांग. वाद घालू नकोस, त्यांचं वय बघता त्या ऐकणार नाहीत आणि त्यानं तुझं काही बिघडत नाही.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत का दिसलं नाही, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण घरात कुणीतरी विचारेलच. पोटात असताना बाळ फुफ्फुसानं श्वास घेत नाही, तिकडे जाणारं बरंचसं रक्त दुसऱ्या वाटेनं वळतं. त्या वेळी झडपेचा थोडाफार अरुंदपणा पुष्कळदा उठून दिसत नाही. सोनोग्राफी करणाऱ्यांना दोष द्यायचं कारण नाही.

नात्यातल्या लग्नाचं उत्तर मात्र नीट समजून घे, कारण इथे अर्धवट माहिती घातक ठरते. जवळच्या नात्यात लग्न केल्यानं काही आजारांची शक्यता खरोखर वाढते. जिथे आई आणि वडील दोघांकडूनही तीच बिघडलेली प्रत मिळावी लागते, असे ते आजार. थॅलेसेमिया त्यातलाच. एकाच घराण्यातले दोघं असले की दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते. पीटीपीएन११ चा नूनन तसा नाही. इथे दोनपैकी एक प्रत बदललेली असली तरी आजार होतो. रिपोर्टवर 'हेटेरोझायगस' असा शब्द असेल, त्याचा अर्थ हाच, एकच प्रत बदललेली. तू कोल्हापूरच्या अनोळखी मुलाशी लग्न केलं असतंस तरी या बदलाची शक्यता कमी झाली नसती, आणि नात्यात केल्यानं ती वाढलीही नाही. (नूननचा एक क्वचित प्रकार दोन्ही प्रतींमधून येतो, पण त्याचं जनुक वेगळं. तुझ्या रिपोर्टला ते लागू नाही.)

मला वाटतं, आत्या 'नात्यात करायला नको होतं' म्हणतात तेव्हा त्या तुला बोलत नसाव्यात. भावाकडे मुलगी मागायला त्याच गेल्या असतील ना? आणि वडील बोलायचे बंद झालेत, कारण हो त्यांनी म्हटलं. दोघं बहीणभाऊ आपापल्या कोपऱ्यात एकच ओझं घेऊन बसलेत. वरचा परिच्छेद दोघांनाही एकत्र बसवून वाचून दाखव.

तुझ्या नवऱ्याबद्दल तू तीन गोष्टी सहज लिहून गेलीस: उंची पाच फूट एक, दाढ काढल्यावर दोन दिवस रक्त, लहानपणी छातीत आवाज. पत्रावरून निदान होत नाही, मीही करत नाही. घराण्यात सगळेच बुटके असतील, दाढ अवघड असेल, शाळेतला आवाज निरुपद्रवी असेल. पण नूनन असलेल्या बाळाच्या वडिलांमध्ये या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर कुठलाही डॉक्टर कान टवकारणार. या आजारात एका माणसात मोठा त्रास आणि त्याच घरात दुसऱ्याला जवळपास काहीच नाही, असं सर्रास असतं. मुलाचं निदान झाल्यावर आई किंवा वडिलांना स्वतःचं कळलं, अशी घरं थोडीथोडकी नाहीत.

तपासणी कुणामुळे झालं हे ठरवायला नको आहे. त्याची कामं वेगळीच आहेत. एक, त्यांचं स्वतःचं हृदय. लहानपणी आवाज होता आणि पुढे कुणी बघितलं नाही, एवढ्यावर आजच ईसीजी आणि टूडी इको करायला हवा, जनुकाचा रिपोर्ट काहीही येवो. दुसरं, रक्त. नूननमध्ये रक्त गोठण्यात अडचण असते पुष्कळ जणांना. रक्त गोठवणारं 'फॅक्टर ११' हे प्रथिन कमी असतं किंवा प्लेटलेट मोजायला पुरेशा असूनही नीट काम करत नाहीत. त्यांना उद्या अपेंडिक्सचं ऑपरेशन लागलं, दुचाकीवरून पडले, तर ही माहिती डॉक्टरांना आधी हवी. तिसरं, तुमचं पुढचं मूल. दोघांपैकी कुणातही बदल नसेल तर पुढच्या बाळाला हे होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी. कुणा एकात असेल तर दर वेळी पन्नास टक्के. हे दोन आकडे इतके लांबचे आहेत की न बघता पुढची पायरी चढणं मला योग्य वाटत नाही. पुढच्या वेळी बदल माहीत असेल तर साधारण ११ आठवड्यांनंतर वारेच्या नमुन्यातून किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजलातून तो शोधता येतो. ते करायचं की नाही हा तुमचा दोघांचा निर्णय, पण निर्णय घ्यायला माहिती तर हवी.

जबरदस्ती करू नकोस. त्याऐवजी असं कर: तपासणी तुझीही सांगितली आहे, तर दोघांचं रक्त एकाच दिवशी, एकाच वेळी द्या. 'तुमची टेस्ट' म्हणायचंच नाही, 'आपली टेस्ट' म्हणायचं. आता पूर्ण जनुकं वाचायची नाहीत, बाळात सापडलेला तेवढाच बदल शोधायचा आहे, म्हणून खर्च बाळाच्या तपासणीपेक्षा बराच कमी येतो. आणि त्यांना एक सांग. उद्या बाळाला बलूनसाठी आत नेतील तेव्हा भूलतज्ज्ञ विचारतील, 'घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास?' त्या वेळी दाढेची गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली पाहिजे. ठणठणीत असलेल्या माणसालाही एवढं पटतं, असा माझा अनुभव आहे. त्यांच्यात बदल निघालाच तर तो त्यांना आईवडिलांपैकी कुणाकडून आला असेल किंवा त्यांच्यातच नव्यानं झाला असेल. तेव्हा शोधाशोध आत्यांच्या दारात नेऊन पुन्हा दोष सुरू करायचा नाही. आत्यांचा इको आणि रक्त बघायचं ते त्यांच्या तब्येतीसाठी.

रक्ताचं बाळाच्याही फाईलवर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिही. बलून, ऑपरेशन, पुढे अंडकोष खाली आणायची शस्त्रक्रिया, दात काढणं, काहीही असो, आधी पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासण्या), प्लेटलेट आणि फॅक्टर ११ बघितल्याशिवाय नाही. अंडकोषांचं लिहिलं कारण नूनन असलेल्या बहुतेक मुलग्यांत ते पूर्ण उतरलेले नसतात. सहा महिन्यांचा होईपर्यंत उतरले नाहीत तर सर्जनना दाखवायचं. तापाला ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन द्यायचं नाही. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनावर सांगितलेल्या मापानं.

दुधाबद्दल तुझ्या आईला माझा निरोप: दूध कमी नाही, ओढायला जोर कमी आहे. ही बाळं हृदय ठीक असतानाही हळू पितात, ओढतात मध्येच सोडतात, उलटी काढतात. पाऊण तास अंगावर लावून ठेवलंस तर जेवढं मिळालं तेवढं पिण्यातच खर्चून टाकेल. अंगावर वीसेक मिनिटं पाज, मग दूध काढून वाटीचमच्यानं किंवा बोंडल्यानं दे. बोंडलं दर वेळी उकळून घ्यायचं, आणि धार ओठाच्या कडेला लावायची, घशात ओतायची नाही. आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर, उघड्या अंगानं वजन कर. या वयात रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. दोन आठवडे त्याहून कमी भरली तर इकोच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. गुटी नको, मध तर वर्षाचा होईपर्यंत अजिबात नको. शेगडीची धुरी बंद. तेल लावून आंघोळ चालेल, पण मालीशवालीला सांग की पाय धरून उलटं करायचं नाही.

कधी धावायचं ते घरातल्या सगळ्यांना माहीत असू दे. बाळ झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोज. पन्नास किंवा त्याहून जास्त असतील, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, पिताना कपाळावर घाम सुटत असेल, ओठ-जीभ निळसर दिसत असेल, नेहमीच्या निम्म्याहून कमी पीत असेल, किंवा उठवूनही सुस्त राहत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. नुसते हातपाय निळसर झाले तर थंडीमुळेही होतात, जीभ बघायची.

लसी एकही चुकवायची नाही. 'हृदयाचं आहे, नको लस' असं कुणी म्हणालं तर अशा बाळालाच जास्त गरज आहे असं सांग.

पुढचं थोडक्यात. कानांची बेरा तपासणी आणि डोळ्यांची तपासणी एकदा करून घ्या. बसणं-चालणं इतर मुलांपेक्षा मागे राहील. ही मुलं सरासरी दहाव्या महिन्याच्या सुमारास बसतात आणि पावणेदोन वर्षांच्या आसपास चालतात, तेव्हा जावेच्या मुलाशी तुलना करू नकोस. फिजिओथेरपी लवकर सुरू केली तर फायदा होतो. बहुतेक मुलं नेहमीच्या शाळेत जातात, काहींना अभ्यासात जास्त मदत लागते. उंचीसाठी ग्रोथ हार्मोनचा विचार नंतर, तोही हृदयाच्या डॉक्टरांना विचारून.

पैशाचं तू लिहिलं नाहीस, पण खाजगी रुग्णालयाच्या नुसत्या अंदाजपत्रकानं माणूस घाबरतो, म्हणून सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जन्मजात हृदयविकाराच्या शस्त्रक्रिया बसतात आणि २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात शिरल्या शिरल्या 'आरोग्यमित्रा'ची, म्हणजे योजनेच्या मदतनिसाची खिडकी शोधायची, पैसे भरायच्या खिडकीवर आधी जायचं नाही. दुसरी वाट राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, आरबीएसके म्हणतात तीच. अंगणवाडीताईंना किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या पथकाला भेट. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या लवकर तपासणी-उपचाराच्या केंद्रात फिजिओथेरपी आणि कानांची तपासणीही होऊ शकते. खारघरला श्री सत्य साई संजीवनीमध्ये लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफत होतात. जनुकीय सल्ल्यासाठी मुंबईचं केईएम रुग्णालय आहे, दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात ते केंद्र म्हणून निवडलेलं आहे.

बारसं करून टाक. ऑपरेशनची वाट कशाला बघायची, ते कधी लागेल, लागेल की नाही, हेच अजून ठरलेलं नाही. घरचीच माणसं बोलाव. सर्दी-खोकला असलेल्यांना फोनवरून पाळणा ऐकव, ते रागावले तर माझं नाव सांग. कुणी बाळाचे पापे घ्यायचे नाहीत, हात धुतल्याशिवाय उचलायचं नाही. आत्यांनाच कानात नाव सांगू दे. आणि नाव ठेवलं की त्याच आठवड्यात जन्मदाखल्यावर चढवून घ्या, सगळ्या रिपोर्टांवरही तेच असू दे. नाहीतर इको 'बेबी ऑफ' अमुकच्या नावानं, जनुकांचा रिपोर्ट तुझ्या माहेरच्या आडनावानं आणि आधार तिसऱ्याच स्पेलिंगनं, असं झालं की योजनेच्या मंजुरीला नेमकं तिथंच अडतं.